स्पायनल आणि ब्लॉकमध्ये सोबत काय घालायचं, किती घालायचं आणि कधी काहीच घालायचं नाही

"हेवीत आज काय टाकू?" असं ज्युनिअरने विचारलं (हेवी म्हणजे स्पायनलमध्ये, मणक्यात द्यायचं, कमरेखाली बधिर करणारं जड बुपिव्हॅकेन) की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा पेशंट आज रात्री कुठे झोपणार आहे, आणि तिथे रात्री दोन वाजता त्याचे श्वास मोजणारं कोणी आहे का? औषध किती तास चालतं ते पुस्तकात सापडतं हो, पण ते चालू असताना पेशंटजवळ कोण असणार हे पुस्तकात नसतं, ते तुम्हालाच वॉर्डात जाऊन बघावं लागतं. माझ्या मते ॲडज्युव्हंट, म्हणजे भुलीच्या औषधासोबत घालायचं जोडऔषध, निवडायची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, इतर सगळा हिशोब त्यानंतर.

हे लिहितेय ते एमडी, डीए, डीएनबी करणाऱ्यांसाठी आणि नुकतीच तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस सुरू केलेल्या भूलतज्ज्ञांसाठी, जे सकाळी एका नर्सिंग होममध्ये सीझर, दुपारी दुसरीकडे हाड, संध्याकाळी तिसरीकडे हर्निया असं फिरत असतात. पेशंट किंवा नातेवाईक वाचत असतील तर समजून घ्यायला जरूर वाचा, पण इथले सगळे डोस मॉनिटर, ऑक्सिजन आणि शिकलेला माणूस समोर असतानाचे आहेत.

आधी कशासाठी घालताय ते ठरवा

बुपिव्हॅकेन हेवीचा नुसता स्पायनल साधारण दोन ते अडीच तास ऑपरेशनला पुरतो. मग त्यात अजून काही घालायचं कशाला? कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाचं औषध वेगळं, इथेच गोंधळ होतो. सीझरमध्ये गर्भाशय बाहेर काढून शिवताना बाईला पोटात ओढल्यासारखं होतं, मळमळतं, ते थांबवायचंय का? की ऑपरेशननंतरची रात्र बिनदुखण्याची घालवायची आहे? की समोर ऐंशीच्या आजी आहेत, खुबा मोडलाय, हृदय जेमतेम चालतंय, आणि तुम्हाला बुपिव्हॅकेनच कमी वापरायचंय म्हणजे बीपी पडणार नाही? की ब्लॉक लवकर चढायला हवाय कारण बाळाचे ठोके पडताहेत? हे तोंडाने एका वाक्यात सांगता येत नसेल तर काहीही घालू नका, नुसता हेवी द्या. नुसता हेवी हा उत्तम स्पायनल आहे.

सोबत औषध घालायची कल्पना काही नवी नाही. १८८४ मध्ये कार्ल कोलरने डोळ्यात कोकेन वापरून दाखवलं, १८९८ मध्ये ऑगस्ट बीरने पहिला स्पायनल दिला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत हाइनरिश ब्राउनने कोकेनमध्ये ॲड्रेनालिन मिसळून परिणाम जास्त वेळ टिकतो हे दाखवलंसुद्धा. म्हणजे लोकल ॲनेस्थेटिक (तेवढीच जागा बधिर करणारं औषध) आलं आणि पाठोपाठ त्यात काहीतरी मिसळणं आलंच.

अँप्यूल हातात घेतल्यावर

स्पायनल किंवा एपिड्युरलमध्ये (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेल्या भुलीत) जे जाणार ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच पाहिजे, यात सूट नाही. मिथाइलपॅराबेन, बेंझिल अल्कोहोल, क्लोरोब्युटॅनॉल यातलं काही लेबलवर दिसलं तर ती बाटली बाजूला. साधा अंदाज असा की रबरी बूच असलेली मल्टिडोस वायल, जिच्यातून चार पेशंटना काढतात, तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतंच असं धरून चाला. ती ३० मिलीची लिग्नोकेनची वायल कातडी बधिर करायला ठीक, मणक्यात नाही. केटामीनच्या वायलचंही तेच. एकदाच वापरायची काचेची अँप्यूल असली तरी लेबल वाचायचंच, कारण काही कंपन्या अँप्यूलमध्येसुद्धा घालतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. सीझरमध्ये रक्तस्राव झाला तर लागतं म्हणून ते त्याच ट्रॉलीवर असतं, अँप्यूल बऱ्याचदा हेवीच्या अँप्यूलसारखीच दिसते, आणि चुकून ते मणक्यात गेलं तर काही मिनिटांत पेशंट पाठ-पाय भयंकर दुखतात म्हणून ओरडायला लागतो, पाय झटके देतात, मग फिट्स येतात, हृदयाची लय बिघडते, आणि असे बरेच पेशंट वाचत नाहीत. हे जगभर झालंय, आपल्या देशातही झालंय. म्हणून ट्रॅनेक्झॅमिक स्पायनलच्या ट्रॉलीवर नकोच, ते वेगळ्या कपाटात, वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवायला लावा, आणि जिथे जिथे तुम्ही जाता त्या प्रत्येक ओटीत हे सिस्टरना बसवून सांगा. स्पायनलचं औषध भरताना अँप्यूलचं नाव तुम्ही स्वतः वाचा, सिस्टरनेही मोठ्याने वाचायचं, आणि रिकामी अँप्यूल ऑपरेशन संपेपर्यंत ट्रेमध्ये राहू द्या, लगेच फेकायची नाही. घाईच्या सीझरमध्येही याला जेमतेम दहा सेकंद लागतात.

सिरिंजचा हिशोब

ॲडज्युव्हंटमधल्या चुका औषध निवडण्यात कमी आणि सिरिंजमध्ये जास्त होतात, कारण आकडे अगदी बारीक असतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात, एक ४० युनिटवाली आणि एक १०० युनिटवाली, दोन्हीत भरल्यावर १ मिलीच होतं पण खुणा वेगळ्या. समजा क्लोनिडीन ३० मायक्रोग्रॅम द्यायचंय, अँप्यूल १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची, म्हणजे ०.२ मिली हवं. १०० वाल्या सिरिंजवर ते २० च्या खुणेला येतं, ४० वाल्यावर ८ ला. कोणी सांगितलं "वीसपर्यंत भर" आणि हातात ४० वाली सिरिंज असली तर गेलं ०.५ मिली, म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम, अडीचपट. म्हणून युनिटमध्ये बोलायचंच नाही. मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज वापरा आणि तोंडाने दोन्ही आकडे बोला, "क्लोनिडीन, तीस मायक्रोग्रॅम, शून्य पूर्णांक दोन मिली."

डेक्समेडेटोमिडीन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली येतं, स्पायनलला लागतात ५. ते थेट मोजायला जाऊ नका, १ मिली औषध आणि ९ मिली सलाइन घालून १० मिली करा, म्हणजे झालं १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, त्यातलं ०.५ मिली घ्या. मॉर्फीनचं तर दोनदा पातळ करावं लागतं. अँप्यूल १० मिलिग्रॅमची असते किंवा १५ ची, आधी कुठली आहे ते बघा. १० ची असेल तर ९ मिली सलाइन घालून १० मिली करा, १५ ची असेल तर १४ मिली घालून १५ मिली करा, दोन्हीकडे १ मिलिग्रॅम प्रति मिली होईल. त्यातलं १ मिली नव्या सिरिंजमध्ये घेऊन त्यात पुन्हा ९ मिली सलाइन, आता झालं १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. हे दुसरं पातळ करणं विसरलं की पेशंटला दहापट मॉर्फीन जातं. म्हणून प्रत्येक पायरीला सिरिंजवर लेबल चिकटवा, आणि पहिली सिरिंज काम झाल्या झाल्या टाकून द्या म्हणजे चुकून हातात यायला नको. सलाइनसुद्धा त्याच वेळी फोडलेल्या नव्या अँप्यूलमधलं, लटकवलेल्या बाटलीतलं नाही.

फेंटानिल: रोजचं, भरवशाचं

स्पायनलमध्ये मी सगळ्यात जास्त वापरते ते हेच. सीझरला हेवी १.८ ते २ मिली, म्हणजे ९ ते १० मिलिग्रॅम, आणि त्यात फेंटानिल १५ ते २५ मायक्रोग्रॅम. अँप्यूल ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची, त्यामुळे ०.३ ते ०.५ मिली, पातळ करायची भानगड नाही. पाच-दहा मिनिटांत काम सुरू होतं आणि गर्भाशय बाहेर काढल्यावर ती अस्वस्थता, ती मळमळ खूप कमी होते, हा फरक बाईच्या चेहऱ्यावर दिसतो. पण ते दोन ते चार तासच टिकतं, म्हणून रात्रीच्या दुखण्यासाठी फेंटानिलवर विसंबू नका, त्याची सोय वेगळी करा. खाज येते थोडी, नाक खाजवत बसतात, बहुतेक वेळा आपोआप जाते.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत याचा खरा फायदा होतो. हेवी १.५ मिली म्हणजे ७.५ मिलिग्रॅम आणि सोबत २० ते २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल, एवढ्यात बरीचशी खुब्याची ऑपरेशनं होतात आणि बीपी जास्त डोसइतकं कोसळत नाही. फक्त सर्जनला आधी विचारा किती वेळ लागेल, कारण कमी डोसचा स्पायनल लवकर उतरतो, आणि अडीच तास चालणारं काम असेल तर हा मार्ग नको. स्पायनलसाठी कुशीवर वळवताना त्यांना जीवघेणं दुखतं, त्यासाठी आधी मांडीच्या नसा बधिर करणारा फीमोरल किंवा फॅशिया इलियाका ब्लॉक द्या, खूप सोपं जातं.

लहान हॉस्पिटलांची अडचण मला माहीत आहे, फेंटानिल आणि मॉर्फीन एनडीपीएस, म्हणजे मादक औषधांच्या, कायद्याखाली येतात आणि बरेच डॉक्टर त्या कागदपत्रांना घाबरून ठेवतच नाहीत. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर ही औषधं 'आवश्यक मादक औषधां'मध्ये आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून नोंद केली की ठेवता येतात, रजिस्टर नीट लिहायचं, साठा कुलुपात. जिथे तुम्ही नियमित जाता त्या मालकांना हे समजावून सांगा, त्यासाठी भांडलात तरी चालेल.

मॉर्फीन: उत्तम, पण रात्र जागणाऱ्यांसाठी

फेंटानिल चरबीत विरघळणारं, त्यामुळे पटकन मज्जारज्जूत शिरतं आणि पटकन रक्तात निघूनही जातं. मॉर्फीन पाण्यात विरघळणारं, ते पाठीच्या पाण्यात रेंगाळतं, हळूहळू वर मेंदूकडे सरकतं. त्याचा फायदा आणि धोका दोन्ही याच एका गोष्टीतून येतात. १०० मायक्रोग्रॅम सीझरमध्ये दिलं की आई बारा ते चोवीस तास नीट राहते, बाळाला घेऊन बसते, दूध पाजते, हे फार मोलाचं आहे. पण तेच मॉर्फीन वर पोचलं की श्वास मंदावू शकतो, आणि तो लगेच नाही तर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा, म्हणजे तुम्ही घरी जाऊन झोपलेले असताना. एवढ्या कमी डोसला निरोगी बाईत हे क्वचितच होतं, पण लठ्ठ पेशंट, घोरणारे, किडनी खराब असलेले, म्हातारे, यांच्यात शक्यता वाढते, त्यांना मी देत नाही.

मॉर्फीन द्यायचंच असेल तर अशी व्यवस्था लावा. पहिले बारा तास दर तासाला श्वास मोजायचे आणि हाक मारून जागं होतंय का बघायचं, पुढचे बारा तास दर दोन तासांनी. मिनिटाला दहाच्या खाली श्वास किंवा हाक मारूनही नीट डोळे उघडत नाहीत, तर लगेच फोन. नुसत्या पल्स ऑक्सिमीटरवर जाऊ नका, कारण नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की आकडा ९९ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मॉर्फीनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन बेडजवळ ठेवा, ४०० मायक्रोग्रॅमची अँप्यूल १० मिलीत पातळ करून १ ते २ मिली, म्हणजे ४० ते ८० मायक्रोग्रॅम एका वेळी, श्वास सुधारेपर्यंत. त्याचा परिणाम मॉर्फीनपेक्षा आधी संपतो, त्यामुळे पेशंट उठला म्हणून पाठ फिरवायची नाही.

आणि ती सवय, रात्री पेशंट "दुखतंय" म्हणाला की पेंटाझोसिन-फेनर्गनचं इंजेक्शन ठोकून द्यायची, ती बऱ्याच वॉर्डांत आजही आहे. मॉर्फीन घेतलेल्या पेशंटला हे मिळालं तर श्वास थांबू शकतो. केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात मराठीत लिहा: "स्पायनलमध्ये मॉर्फीन दिलं आहे, उद्या अमुक वाजेपर्यंत झोपेचं किंवा दुखण्याचं कुठलंही इंजेक्शन मला विचारल्याशिवाय नको", खाली फोन नंबर. रात्रपाळीच्या सिस्टरला प्रत्यक्ष भेटून सांगा. ज्या हॉस्पिटलात रात्री तीस पेशंटमागे एकच सिस्टर आहे तिथे मॉर्फीन देऊ नका, कितीही आवडलं तरी.

लघवी अडकते हे विसरू नका, कॅथेटर काढायची घाई नको. खाज फेंटानिलपेक्षा जास्त येते.

क्लोनिडीन आणि डेक्समेडेटोमिडीन

ही दोघं अल्फा-२ रिसेप्टरवर काम करणारी, मादक नाहीत, म्हणून एनडीपीएसची कटकट नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे फार लोकप्रिय. क्लोनिडीन १५ ते ३० मायक्रोग्रॅम, डेक्समेडेटोमिडीन ५ मायक्रोग्रॅम, स्पायनल छान लांबतो, पेशंट शांत पडून राहतो. पण मणक्यात डेक्समेडेटोमिडीन देणं हे लेबलबाहेरचं, म्हणजे लेबलवर मंजूर नसलेलं, आहे हे लक्षात ठेवा, संमतीपत्रात लिहा, आणि जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं होतं या भ्रमात १० मायक्रोग्रॅमवर जाऊ नका, नाडी मंदावते आणि बीपी पडतं, तेही ऑपरेशन संपून पेशंट वॉर्डात गेल्यावर.

अजून एक, ही औषधं दुखणंच नाही तर पाय जड असणंही लांबवतात. मूळव्याधीचा, हायड्रोसीलचा पेशंट संध्याकाळी घरी जायचा असतो, त्याला चार-पाच तास पाय हलत नाहीत म्हणून तो घाबरतो आणि नातेवाईक तुमच्यावर चिडतात. अशा छोट्या कामाला हे नकोच. गुडघा बदलणं, पायाचं लांबलचक प्लेटिंग, तिथे शोभतं. बीटा ब्लॉकर चालू असलेले, नाडी आधीच ५५ असलेले, हार्ट ब्लॉक असलेले, रक्त गेलेले पेशंट, यांना देऊ नका. ॲट्रोपीन ०.६ मिलिग्रॅम आणि बीपी वाढवणारं मेफेंटरमीन किंवा फेनिलेफ्रीन भरून ठेवलेलं असू द्या. सीझरमध्ये मी ही दोन्ही टाळते, तिथे बीपीचा खेळ आधीच नाजूक असतो.

ब्युप्रेनॉर्फीनचं थोडक्यात, ३०० मायक्रोग्रॅमची अँप्यूल, त्यातलं ०.२ मिली म्हणजे ६० मायक्रोग्रॅम, सहा-आठ तास आराम देतं पण उलट्या फार करवतं, ऑनडॅनसेट्रॉन आधी द्या.

मॅग्नेशियम, मिडॅझोलाम, निओस्टिग्मीन, केटामीन हे मणक्यात घालायचे प्रयोग खूप झालेत, थीसिसही खूप झालेत. मी यातलं काही घालत नाही आणि तुम्हीही घालू नका असं स्पष्ट सांगते. ५० टक्क्यांच्या मॅग्नेशियमचे ५० मिलिग्रॅम म्हणजे फक्त ०.१ मिली, एका छोट्या चुकीत पाचपट-दहापट जातं, आणि मिळणारा फायदा फेंटानिलहून जास्त नाही. निओस्टिग्मीनने इतक्या उलट्या होतात की पेशंटला दुखणं बरं वाटेल. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र घालणंही नको, काही बिघडलं तर कशामुळे हे कळतच नाही, आणि तुमचा हेवी पातळ होऊन तो कुठपर्यंत चढेल याचा अंदाजही चुकतो.

हाताचे-पायाचे ब्लॉक

नसेजवळ औषध घालून तेवढाच हात किंवा पाय बधिर करायचा तो ब्लॉक. इथे गणित थोडं वेगळं आहे कारण औषधाचं प्रमाण मोठं असतं. पहिली गोष्ट, ॲडज्युव्हंट घातल्याने बुपिव्हॅकेनची सुरक्षित मर्यादा वाढत नाही. किलोला २ मिलिग्रॅम धरा, ५० किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याचे २० मिली, बस. २० टक्के लिपिड इमल्शन (बुपिव्हॅकेनच्या विषबाधेवरचा उपाय) ओटीत आहे का हे ब्लॉकच्या आधी बघा, नंतर नाही. विषबाधा झाली तर किलोला १.५ मिली, म्हणजे ५० किलोला ७५ मिली, दोन-तीन मिनिटांत द्यावं लागतं, त्यामुळे एक छोटी बाटली कुठेतरी आहे म्हणून भागत नाही.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ब्लॉकमधलं सगळ्यात उपयोगी ॲडज्युव्हंट. हाताचा सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक बुपिव्हॅकेनने दहा-बारा तास चालतो, त्यात ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने आणखी सहा-आठ तास मिळतात. पण ते नसेजवळ घालायची गरज आहे का? शिरेतून दिलं तरी जवळपास तेवढाच फायदा होतो, आणि आपल्याकडच्या डेक्सामेथासोनच्या वायलमध्ये बहुतेक वेळा प्रिझर्व्हेटिव्ह असतं. म्हणून मी सरळ शिरेतून ८ मिलिग्रॅम देते, उलट्याही कमी होतात. जाग्या पेशंटला भराभर दिलं तर खाली गुप्तांगाजवळ एकदम आग-आग होते, बिचारे घाबरतात, म्हणून पातळ करून सावकाश द्या आणि आधी सांगून ठेवा. नसेजवळ घालायचंच ठरवलं असेल तर रोपिव्हॅकेनमध्ये मिसळू नका, त्याचे स्फटिक तयार होतात, बुपिव्हॅकेनमध्ये तसं होत नाही. डायबेटिसवाल्यांची साखर चोवीस तास वर राहू शकते, बघत राहा, आणि साखर आधीच बेफाम असेल तर सोडून द्या.

ॲड्रेनालिनचा लिग्नोकेनबरोबर उपयोग जास्त, बुपिव्हॅकेनबरोबर कमी. २० मिलीमध्ये १ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं ०.१ मिली घातलं की ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं, यालाच आपण एकास दोन लाख म्हणतो. माझ्या दृष्टीने त्याचा मोठा फायदा वेगळाच आहे, सुई रक्तवाहिनीत असेल तर ३ मिलीतच मिनिटाच्या आत नाडी वीसने वाढते आणि तुम्ही वेळेत थांबता. बीटा ब्लॉकरवर असलेल्यांत ही खूण दिसेलच असं नाही. लिंगाच्या ब्लॉकमध्ये ॲड्रेनालिन अजिबात नको, आणि डायबेटिक पायाच्या पेशंटमध्ये जिथे नसांना रक्तपुरवठा आधीच कमी आहे तिथेही मी टाळते.

डेक्समेडेटोमिडीन ५० मायक्रोग्रॅमपर्यंत ब्लॉकमध्ये चालतं, पण पेशंट गुंगतो आणि नाडी मंदावते, त्यामुळे त्याला एकटं सोडता येत नाही.

ब्लॉक लांबवायच्या आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी बोलायचं, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. पिंढरीचं हाड मोडलंय, हात चिरडलाय, सूज वाढतेय, अशा पेशंटमध्ये कंपार्टमेंट सिंड्रोमची (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची) पहिली खूण म्हणजे वाढत जाणारं दुखणं, आणि तुम्ही अठरा तास ते दुखणंच झाकून ठेवलंत तर पाय जाऊ शकतो. तिथे कमी ताकदीचं, कमी वेळ चालणारं औषध द्या आणि ॲडज्युव्हंट नको.

डोळ्यासाठी आणि एपिड्युरलसाठी

मोतीबिंदूच्या पेरिबल्बर (डोळ्याभोवती औषध घालून दिलेल्या) ब्लॉकमध्ये हायल्युरोनिडेज घालतात, ते दुखणं कमी करत नाही, ऊतींमधली वाट मोकळी करून लोकल ॲनेस्थेटिक पसरवतं. १५०० युनिटची वायल ३० मिली लिग्नोकेनमध्ये विरघळवली की ५० युनिट प्रति मिली होतं. शिबिरात सोयीचं पडतं, पण एकदा बनवलेली बाटली उद्यासाठी ठेवायची नाही. क्वचित ॲलर्जीने डोळ्याभोवती मोठी सूज येते, ती जंतुसंसर्गासारखी दिसते, लक्षात असू द्या.

प्रसूतीच्या कळांसाठी एपिड्युरल चालवत असाल तर ५० मिलीची सिरिंज अशी भरा: बिनहेवीचं ०.५ टक्के बुपिव्हॅकेन १० मिली, फेंटानिल २ मिली, सलाइन ३८ मिली. झालं ०.१ टक्के बुपिव्हॅकेन आणि २ मायक्रोग्रॅम प्रति मिली फेंटानिल. एवढ्या पातळ औषधात बाई पाय हलवू शकते आणि कळांचं दुखणं जातं, हे फेंटानिलमुळेच शक्य होतं. तिचंच पुढे तातडीचं सीझर ठरलं तर वरून लिग्नोकेन २ टक्के, दर १० मिलीला १ मिली सोडा बायकार्ब आणि वर सांगितल्याप्रमाणे ॲड्रेनालिन, असं थोडं थोडं करून १५ ते २० मिली दिलं की पाच-दहा मिनिटांत वर चढतं. मिसळायचं ते द्यायच्या वेळीच. सोडा बायकार्ब बुपिव्हॅकेनमध्ये याच मापाने घालू नका, पांढरा साका बसतो.

काहीच नसेल तर

फेंटानिल नाही, मॉर्फीन नाही, रात्री बघणारं कोणी नाही, अशी जागा असेल तर अडून बसू नका. नुसत्या हेवीवर सीझर करा, शेवटी दोन्ही बाजूंना टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसांचा) द्या, रोपिव्हॅकेन ०.२ टक्के २०-२० मिली, आणि पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, किडनी ठीक असेल आणि रक्तस्राव नसेल तर डायक्लोफेनॅक, पण घड्याळ लावून, दुखेपर्यंत थांबून नाही. हे नीट दिलं तर बहुतेक जणी चांगल्या राहतात.

गोळ्यांचं हे वेळापत्रक हाताच्या ब्लॉकलाही लागू आहे. लांबलेला ब्लॉक मध्यरात्री उतरला की दुखणं एकदम अंगावर येतं, म्हणून बोटांना मुंग्या यायला लागल्या की पहिली गोळी घ्यायची, पूर्ण उतरायची वाट बघायची नाही, असं नातेवाईकांना सांगून, कागदावर लिहून द्या. बधिर हात झोळीत ठेवायचा, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, चुलीजवळ जायचं नाही, पाय बधिर असेल तर एकट्याने बाथरूमला उठायचं नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला किंवा फोनवर तीन गोष्टी विचारा, दुखणं किती वाजता सुरू झालं, पाय किंवा हात किती वाजता हलायला लागला, उलटी-खाज-लघवीचा त्रास झाला का, आणि वहीत डोसच्या शेजारी लिहून ठेवा. चोवीस तासांनंतरही हात किंवा पाय बधिर असेल तर "उतरेल हळूहळू" म्हणून सोडू नका, स्वतः जाऊन तपासा. आणि स्पायनल किंवा एपिड्युरलच्या पेशंटचे पाय उतरता उतरता पुन्हा जड व्हायला लागले किंवा पाठ जोरात दुखायला लागली तर चोवीस तासांचीही वाट बघायची नाही, त्याच तासाला एमआरआयची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा.